बारी

दांडिया बाजारात भेटलेल्या धारकरबाई
वाकून विचारतात, "नाव काय गं तुझं?"
आणि माझी मुलगी माझ्या पायामागे
अख्खीच्या अख्खी मावते.

आई म्हणते, तुझ्यावरच गेलीय.
आजोबाही म्हणे वसुलीला जायचे
आणि कडी न वाजवताच परत यायचे.
असेल. रक्तात असेल.

पण मला एक दुपार आठवते,
पुण्यातल्या लग्नघरातली. उकडत होतं.
मी म्हणालो, "जरा बारी उघडा ना,"
आणि चुलतभावंडं लोळून हसली.
खिडकी रे, खिडकी!
मांडव उतरेपर्यंत माझं नाव बारी.

आमच्या बडोद्यात तो शब्द उघडायचा.
तिथे तो लागला,
आतून.

अजूनही फोन लावण्याआधी
पहिलं वाक्य मी दोनदा म्हणून बघतो.

"एवढं काय लाजायचं?" बाई म्हणतात.
मी तिला पुढे ढकलत नाही.
दुकानदाराला लिल्या चिवड्याचा भाव विचारतो, उगाच,
मग शेवेचाही.

बाई रिक्षात बसतात. रिक्षा वळते.
तेव्हा कुठे माझ्या पँटच्या शिवणीला
ती सांगते:
ऋजुता.