शून्यं

बाबांचं काम होतं, काही घडू न देणं.
एकोणचाळीस हिवाळे त्यांनी त्यात घातले.

मला अक्षरांआधी फुल्या आणि गोळे आले.
फुली म्हणजे आपण, गोळा म्हणजे ते,
बाण म्हणजे शनिवारी दुपारी
कोणाचा तरी खांदा निखळणार.

गावं सात. नेब्रास्का, दोन्ही डाकोटा, कॅन्सस, पुन्हा नेब्रास्का.
मुख्य कोचची नोकरी गेली
की त्याच्या माणसांचीही जाते,
बहुधा सोमवारी, न्याहारीच्या वेळी.
फोन चालू असतानाच आई
कपाटातले कप वर्तमानपत्रात गुंडाळायला घ्यायची.
एका खोक्यावर तिने लिहिलं होतं ‘स्वयंपाकघर, इतर’.
ते चार घरं न उघडता फिरलं
आणि आमचं काही अडलं नाही.

रात्री तळघरात प्रोजेक्टर.
खटक, मागे. खटक, पुढे.
एक मुलगा धावत यायचा, उलटा परत जायचा,
सतरा वेळा.
अठराव्या वेळी बाबा म्हणायचे, ‘पाहिलीस? डावी टाच.
आधी टाच सांगते, मग तो जातो.’
मी सात वर्षांची. मला टाच नाही दिसली.
त्यांच्या कानामागे खडूचं बोट उमटलेलं दिसलं.

‘हात टेका!’ ते ओरडायचे,
आणि गोठलेल्या गवतात बोटं रोवून
पोरं ओळीने वाकायची.
बाकी जगात हात टेकले की संपलं.
इथे तिथून सुरू.

लाव्हर्न प्रोकॉप हे नाव
कुठल्याच स्टेडियमने ओरडून घेतलं नाही.
चेंडू घेऊन पळणाऱ्याचा फोटो छापतात,
त्याला न पळू देणाऱ्यांचा
घामट ढिगारा कोण छापणार?
पण समोरच्यांना एकही गुण मिळाला नाही
की रविवारच्या पेपरातलं ते शून्य
आई नखं काढायच्या कात्रीने कापून ठेवायची,
बटणांच्या डब्यात.
एकूण अकरा. एकावर जॅमचा डाग.

व्हिलियामी रविवारी जेवायला यायचा,
दाराच्या चौकटीतून तिरका होऊन.
आईच्या जर्दाळूच्या कोलाची चौदा खायचा
आणि पंधराव्याला नको म्हणताना लाजायचा.

डेनी होराचेकबद्दल घरात कोणी बोलत नाही.
त्याचा गुडघा दुखत होता, त्याने सांगितलं होतं,
बाबा म्हणाले होते, ‘अजून एकच डाव.’
नंतर वर्षभर दर मंगळवारी
एकशे चाळीस मैल गाडी हाकत ते त्याच्याकडे गेले.
तिथे काय बोलायचे ठाऊक नाही.
एकदा मी सोबत होते.
दोघं खिडकीतून पार्किंगकडे पाहत बसले होते,
मधे शेंगदाण्यांची पिशवी.

शेवटच्या सामन्याला ते वर, काचेमागच्या खोलीत.
तीन गुणांची आघाडी, चौथा डाव, एक यार्ड,
आणि कानावरचा हेडसेट मेला.
त्यांना टाच दिसली.
‘डावीकडे!’ ते ओरडले. ‘डावीकडे, ग्रँडबेरी!’
तळहाताने काच बडवली.
खाली अकरा हजार माणसं आणि बँड.
ऐकणार कोण?

चव्वेचाळीस नंबर
तोवर दोन पावलं डावीकडे सरकलेला होता.

बाबा खाली बसले.
त्या खोलीतली त्यांची खुर्ची
नऊ वर्षांत नवीच राहिली होती,
गादीवरचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलं नव्हतं.
ते बसल्यावर चरचरलं.

तेरा–दहा. म्हणजे त्या दिवशी डब्यात काही पडलं नाही.
पेपरात क्वार्टरबॅकचा फोटो, दात पांढरेशुभ्र.

मार्चमध्ये मी ते खोकं उघडलं.
एक चाळणी. लाटणं.
सॅलडच्या भांड्यात कोणाचा तरी दात-रक्षक,
चावून चावून चपटा झालेला.
‘कोणाचा हो?’ मी विचारलं.
बाबांनी तो उजेडात धरला, फिरवून पाहिला,
आणि लगेच म्हणाले,
‘उजवीकडून चावायचा. थांब,
आत्ता आठवेल.’