उपाशीपोटी

सकाळी साडेपाचला, दाणे टाकायच्या आधी
काजळीला मांडीवर घेते
आणि गळ्याखाली बोटं लावते.
उपाशीपोटी या, असं एकतीस वर्षं
लॅबच्या खिडकीतून लोकांना सांगत आले.
निम्मे पोहे-जलेबी खाऊन यायचे
आणि शपथेवर नाही म्हणायचे.
कोंबडीला तेवढं सुचत नाही.
रात्रभरात रिकामी व्हायला हवी ती पिशवी
अजून भरलेली, मोठ्या लिंबाएवढी,
दाबलं की मळलेल्या कणकेसारखा
बोटाचा ठसा धरून ठेवणारी.

पुस्तक म्हणतं, तुरा बघा.
फिका असेल तर रक्त कमी, निळसर असेल तर श्वास.
हिचा तुरा काळा, चोच काळी, जीभ काळी.
हाडंसुद्धा काळीच असतात, थावरी म्हणाली होती,
झाबुआहून टोपलीत घालून आणली तेव्हा.
मी आयुष्यभर रंगांवर पोट भरलं.
आता काय बघू?

म्हणून वास घेतला.
फ्रीजबाहेर राहिलेल्या इडलीच्या पिठाचा.
छातीचं हाड सुरीच्या पाठीसारखं हाताला लागलं,
म्हणजे हे कालचं नाही.
आठवडाभर ही नुसती मान खाली-वर करत होती
आणि मी ओट्यावर बसून शब्दकोडं सोडवत होते.

कुंपणावरून गेंदालालजी:
"अब क्या इलाज, बहनजी, आज तो इतवार भी है।"
आज गुरुवार आहे, म्हटलं.

महूच्या डॉक्टरांना फोन लावला. वजन विचारलं.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर अकराशे दहा ग्रॅम,
तिचा राग धरून.
दाणे बंद, पाणी थोडं थोडं,
बुरशीचं औषध सकाळ-संध्याकाळ.
आणि उलटी धरून ओकवू नका हं,
फुफ्फुसात जातं, त्यातच मरतात.

कूलरच्या खोक्यात तिचा वॉर्ड केला.
चार थेंब तेल, मग चोळणं,
गोल, हलकं, बाळाला ढेकर काढतात तसं,
दिवसातून पाच वेळा, शेवग्याखाली,
बाकीच्या तिघी जाळीला चोच लावून बघत.
दुसऱ्या दिवशी दिसलं:
मीच अंथरलेल्या गोणपाटाची एक कड
वीतभर कुरतडलेली.
ते गोणपाट मी बंबात घातलं.
कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या सकाळी हाताला काहीच लागलं नाही,
काढून ठेवलेल्या हातमोज्यासारखी सैल कातडी फक्त.
आणि खोक्याच्या कोपऱ्यात
घट्ट तपकिरी विष्ठा, वर पांढरी टोपी.
सवयीने जुन्या रजिस्टरचं पान काढलं.
नाव: काजळी. वय: ठाऊक नाही.
हिमोग्लोबिन या शब्दापुढे पेन थांबलं.
तिथं अजून रिकामंच आहे.

थावरी भगोरियाहून परतली होळीनंतर.
तिने तुरा बघितला नाही, वास घेतला नाही.
दोन्ही पाय मुठीत धरून जरा वेळ उभी राहिली,
पलीकडच्या बांधकामाकडे बघत,
मग खाली सोडून दिली.
"इसको इतनी दवा किसने पिलाई?"