बिनआवाजाचं अक्षर

अल्बुकर्कीहून एक माणूस आला, वेंडेल नावाचा,
जन्मभर दातांच्या कवळ्या घडवून निवृत्त झालेला.
ट्रेलरवरून क्रूझर उतरवली आणि म्हणाला,
सगळं काळं करा. चमक नको. पट्टे नकोत.
ज्वाळा, कवट्या, गरुड, काही नको.
पुढचा मडगार्ड अर्धा कापा, मागचा चाकाला टेकेल इतका खाली घ्या,
क्रोमवर सगळीकडे काळं चढवा.
गाडी अशी दिसली पाहिजे
की दिसलीच नाही पाहिजे.

एउसेबियोनं नुसतं हूं केलं.
एस्पान्योलात चाळीस वर्षं त्यानं चमकच विकली आहे.
चांदीच्या भुकटीवर पातळ लाल, त्यावर पुन्हा लाल,
अकरा पुटं; उन्हात धरलं की
डाळिंब फोडल्यासारखं.
मॅट काळ्याला तो तव्याचा रंग म्हणतो.
पण शेडचं भाडं थकलं होतं,
आणि तव्यावरच भाजतात ना पोळ्या, म्हणाला.

टाकी माझ्याकडे आली.
घासायचं काम माझं. तीन वर्षं झाली,
अजून ब्रशला हात लावू दिलेला नाही.
ओला घासकागद, बादली, रेडिओ.
वरचा मरून गेला.
त्याखाली साईचा रंग, कुणा सभ्य माणसानं दिलेला.
त्याखाली गुडघ्याएवढा पोचा, लांबी भरून लपवलेला,
बोटभर जाड. कुणीतरी पडलं होतं जोरात.
त्याखाली भडक नारिंगी, घाईत मारलेला,
ओघळ तसेच.
मग जांभळा.
जांभळ्यात चांदीचे कण,
आणि कणांवरून एक पांढरी रेघ, केसाइतकी,
वळली, परत फिरली, स्वतःला ओलांडून गेली.

मी हाक मारली.
तो आला, चष्मा कपाळावर, आणि बघत राहिला.
रेघेचं नाव झालं होतं: एर्मेलिंडा.
माझा हात आहे हा, म्हणाला.
तेविसाव्या वर्षीचा.

मग स्टुलावर बसून सांगितलं, माझ्याकडे न बघता.
नॅपोलियन मायेस्तास नावाचा पोरगा,
मिरचीच्या हंगामाचे सगळे पैसे आणून टेबलावर ठेवले.
नाव दोन्ही बाजूंनी हवं होतं.
तीन रात्री जागलो. एकेका वळणासाठी श्वास धरून.
रविवारी तो तिच्या दारात गाडी घेऊन गेला.
ती बाहेर आली, वाचलं, म्हणाली,
ही कोण?

तिच्या नावात पहिलं एक अक्षर आहे.
उच्चारत नाहीत. लिहायचं मात्र असतं.
मी ऐकून लिहिलं होतं.

ती आत गेली.
दुसऱ्याच दिवशी तो नारिंगी डबा घेऊन आला, मला हात लावू दिला नाही,
इथेच, या दारात, स्वतः फासला.
पुढे त्यांचं जमलं की नाही, मी विचारलं.
माहीत नाही, म्हणाला. गाडी विकली त्यानं, एवढं माहीत आहे.

मी म्हटलं, हे ठेवू या का? वेंडेलला विचारू?
घास, म्हणाला.

मी घासलं. शेवटच्या अक्षरापासून उलटं,
का कोण जाणे.
पाणी जांभळं, मग राखी, मग नुसतं पाणी.
पत्रा उघडा पडला, तळहाताला गार,
लांबी काढल्यावर पोचा तेवढा राहिला;
तो मात्र त्यानं आतून ठोकून सरळ केला,
कुणाला न विचारता, दोन दिवस लावून.

काळा चढला. तवा तवा झाला.
सुकवायला टाकी उलटी टांगली होती,
पोटाकडची खाच वर,
जी फ्रेमवर बसली की पुन्हा कुणाला दिसत नाही.
संध्याकाळी त्यानं डबी उघडली,
खारीच्या केसांचा ब्रश काढला.
हल्ली त्याचा हात कापतो. कॉफी बशीत सांडते.
ब्रश पत्र्याला लागेपर्यंत कापत होता.
लागल्यावर नाही.

दोन उभ्या रेघा, मध्ये एक आडवी.
पांढरं. करंगळीच्या नखाएवढं.

वेंडेल शनिवारी आला. भोवती दोनदा फिरला,
टाकीवरून पंजा फिरवला आणि म्हणाला,
यावर बोटं उमटतात का हो?
उमटतात, एउसेबियो म्हणाला.
मॅट आहे. पुसत राहावं लागेल.