पाच हजार मैलांच्या आत

ऑगस्ट सरत आला की
बुटांचा खोका टेबलावर उपडा करते मी.
डिझेलच्या पावत्या, शाई उडालेल्या.

वेंडल म्हणायचा, रस्ता एकच असतो गं,
सरकारं त्याचे तुकडे पाडतात.
वायोमिंगात इतके मैल, आयोवात इतके,
तेल भरलं एकीकडे, जाळलं दुसरीकडे,
तर कुणाचं कुणाला देणं
हे दर तिमाहीला मी मांडायची.
तो तिकडे रॉलिन्सच्या वाऱ्यात
ट्रेलरचं दार दोन्ही हातांनी धरून.

यंदा खोक्यात सातच पावत्या.
शेवटचीवर मोहरीच्या सॉसचा डाग :
ओगलाला, नेब्रास्का, एकशे बारा गॅलन.
फेब्रुवारीत त्याचा उजवा हात गेला,
मग शब्द.
ट्रक कोठारामागे उभा,
चाकांना गुडघाभर गवत.

फॉर्म विचारतो, वजन?
पंचावन्न हजार पौंडांच्या वर. अजूनही. उभ्या उभ्या.
फॉर्म विचारतो, येत्या वर्षात
पाच हजार मैलांच्या आतच चालेल?
तसं असेल तर खूण करा, कर भरू नका.

बावीस वर्षांत हा चौकोन
आम्ही नीट पाहिलासुद्धा नव्हता.
पाच हजार म्हणजे त्याचे दोन आठवडे.

पेन हातात घेऊन मी वेंडलकडे बघते,
तो खिडकीतून ट्रककडे.
मग डाव्या हाताने, सावकाश,
ढिगातून डागाची पावती ओढतो
आणि शर्टाच्या खिशात घालतो.

एकशे बारा गॅलन हिशेबातून गेले.
पेनाला टोपण लावून मी कॉफी ठेवते.
एकतीस तारखेला
अजून चार दिवस आहेत.