यादीत नसलेलं फुलपाखरू

बिल्बाओ, सकाळचे दहा चाळीस.
गार्बिन्येची कवटी उघडी आहे
आणि ती मला विचारते, चष्मा नवीन का गं?

माझं काम सोपं. चित्र दाखवायचं,
तिनं नाव सांगायचं, बास्कमध्ये.
हिशेब आणि भांडण ती स्पॅनिशमध्ये करते,
पण बेर्मेओच्या धक्क्यावर एकोणीस वर्षं
जाळी सांधते ती बास्कमध्येच.
काल गुंत्याचा फोटो बघून म्हणाली होती,
"हे कुणीतरी घाईत गुंडाळून ठेवलंय."
धमन्या थेट शिरांत घुसलेल्या,
मधल्या बारीक वाटा नाहीतच, रक्ताला उसंत नाही,
आणि हे सगळं बोलण्याच्या उंबऱ्यावर.

डॉक्टर उर्कियागा एका धमनीला चिमटा लावतात.
आता दोन मिनिटं. शब्द टिकले तर ती कापायची,
हरवले तर चिमटा काढायचा.
किल्ली. बरोबर. बादली. बरोबर.
फुलपाखरू.
"मिचेलेता," ती म्हणते.
माझ्या यादीत आहे चिमेलेता.

अक्षरांची अदलाबदल.
मेंदू उपाशी पडला की असंच होतं, शिकवलंय आम्हाला.
माझा हात वर जायला लागतो.
मी सारागोसाची. ही भाषा तिशीनंतर शिकले,
रात्रीच्या वर्गात, प्रमाण उच्चारांसकट,
आणि त्या वर्गात बंदरावरचं कुणी नव्हतं.
"पुन्हा सांग."
"मिचेलेता." मग स्पॅनिशमध्ये, "बहिरी आहेस का?"
सक्शनची नळी धरलेला एन्याउत
मान वर न करता म्हणतो,
"आमच्या मुंडाकातही तेच म्हणतात."
हात खाली. कात्रीचा आवाज
एवढासाच असेल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या धमनीच्या वेळी
चित्र निघतं गाठीचं.
ती बघते. ओठ हलतात. पुन्हा बघते.
हिरव्या चादरीखाली तिची बोटं
नसलेल्या दोऱ्याला गाठी मारतायत
सफाईनं, एकामागून एक,
आणि तोंडात काहीच नाही.
या वेळी हात आपसूक वर जातो.

चिमटा निघतो. सगळे गप्प,
मॉनिटर तेवढा बोलतोय.
किती सेकंद गेले ते मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.
"कोरापिलो," ती म्हणते. गाठ.
आणि मग, "एवढं काय बघताय सगळे?"

गुंत्याचा तेवढा तुकडा आत ठेवून
दुपारी टाके घातले.
उरलेलं किरणांनी बघू, उर्कियागा म्हणाले, हात धूत.
मी यादी काढली. पेन्सिल नको, पेन घेतलं.
चिमेलेतापुढे
स्वल्पविराम दिला.