उजवा पाय

कौतिकनं माझी लोको शेडची पँट उसवली,
दोन पिशव्या शिवल्या.
डावा पाय आमच्या दारामागच्या खिळ्याला.
उजवा तिनं देऊन टाकला शेजारी,
तोताराम फेगड्याच्या घरी.
तेव्हा मोरीच्या पाण्यावरून अजून पेटलं नव्हतं.

आता तीन वर्षं झाली, बोलणं नाही.

भुसावळचा बाजार.
भरताच्या वांग्यांचा ढीग,
हिरवी, पांढरट, लहान पोराच्या डोक्याएवढी.
मी एकेक उचलून हलकं बघतोय,
पलीकडून आणखी एक हात, तोही तेच करतोय,
आणि त्या हाताच्या कोपराला लटकलेला
माझा उजवा पाय.

गुडघ्यावर तो ग्रीसचा डाग.
अठ्ठ्याऐंशी सालचा.
सोड्यानं गेला नाही, रॉकेलनं गेला नाही.

"जुळ्या का हो भाऊ?"
वांगेवाली हसली,
दोन्ही भरल्या, दोन्ही दिल्या.
आम्ही दोघं तराजूकडे बघत होतो.

घरी येऊन ओतली,
तर वांग्यांखाली मेथीची जुडी.
मेथी मी घेतलीच नव्हती.
आणि खिशात,
जिथं माझा पास असायचा, बिड्या असायच्या,
तिथं गोळ्यांची अर्धी पट्टी. साखरेची.
वर पेननं लिहिलेलं: जेवणाआधी.

कौतिक वांग्याला तेल चोळत होती.
मान वर न करता म्हणाली,
"साडेबारा वाजले.
पान वाढलं असेल त्याचं."

एक चप्पल सापडली.
दुसरी शोधतोय.