फळ्यावरून उतरवलेलं

सांखळीच्या वाचनालयाबाहेर काचेचा फळा आहे,
किल्ली माझ्याकडे.
महिनाअखेरीस उघडते
आणि होऊन गेलेलं उतरवते:

नाटकाची तालीम साडेआठला, स्त्री पार्टीने वेळेवर यावे.
खाणीवरच्या ट्रकवाल्यांची तातडीची बैठक.
काळी म्हैस, डावं शिंग मोडकं, हरवली आहे.
कायतान पोदेर सोमवारपासून पाव आणणार नाही,
गुडघ्याचं ऑपरेशन, क्षमस्व.

टाचण्या बशीत.
कागदाला भोक, भोकाभोवती गंजाचं बारीक कुंकू.
पाठीवर दोन तारखा घालते,
लागला कधी, उतरला कधी.
मग खोकं.

चार्ज देताना सिनारी मास्तर म्हणाले होते,
बाय, काढ. पण टाकू नको.
फळा आजचा असतो, कपाट सगळ्यांचं.
मला वाटलं, म्हाताऱ्याची खोड.
चौथ्या वर्षी मीही डांबरगोळ्या मोजून आणू लागले.

समितीत दरवर्षी कुणीतरी काढतंच:
जागा अडते, म्हापशाचा रद्दीवाला किलोला बारा देतो.
मी म्हणते, बघू.
हा बघू आता एकोणीस वर्षांचा झाला,
त्याला मतदानाचा हक्क आहे.

इथे कागद सरळ राहत नाही.
आषाढात फुगतो, थंडीत कुरकुरतो,
एकमेकांना चिकटलेले सुटे करायला
मी आईचा उलथणा आणून ठेवला आहे.
वाळवंटी चढली त्या रात्री
पाणी दुसऱ्या पायरीवर आलं
आणि मी एकटीने खोकी माळ्यावर नेली.
कादंबऱ्या खालीच राहिल्या, त्याबद्दल बोलणी खाल्ली.
कादंबऱ्या पुन्हा छापतात.
म्हशीची नोटीस कोण छापणार?

म्हैस मिळाली होती, तिसऱ्या दिवशी, हरवळ्याच्या बाजूला.
ते कुणी लिहून लावलं नाही.
सापडल्याची नोटीस लावायला
कोण उन्हातून येतो?
खोकी उघडली तर वाटेल
या गावात नुसतं हरवतच होतं.

ऑक्टोबरात पुंडलिक माजिक आले.
अठ्ठ्याण्णवचं खोकं काढ म्हणाले,
माझी एक होती.

होती. निळी शाई, रेघ मारल्यासारखं अक्षर:
माझा मुलगा शाणू याच्याशी माझा संबंध उरलेला नाही.
त्यास कोणी उधार दिल्यास मी जबाबदार नाही.
तीन आठवडे लागली होती काचेमागे,
सोमवारच्या बाजाराने तीनदा वाचली.

बाहेर स्कूटर चालू ठेवून शाणू उभा होता,
पन्नाशीचा, हेल्मेट काखेत,
बांबोळीची फाईल डिकीत.
आठवड्यातून दोनदा तोच नेतो त्यांना, हे मला ठाऊक होतं.

फाडणार, मला वाटलं.
अडवायचं कसं? कागद त्यांचा,
फक्त पाठीवरच्या तारखा माझ्या,
त्यातली एक तर मास्तरांची.
मी टेबलाची कड धरून ठेवली.

ओठ हलवत दोनदा वाचलं.
अक्षर बरं होतं माझं, म्हणाले.
मग पेन मागितलं, कागद उलटा केला
आणि दोन तारखांखाली
तिसरी घातली, आजची.
पुढे काहीतरी लिहितील म्हणून मी थांबले.
त्यांनी पेनचं टोपण लावलं.

ठेव, म्हणाले. पण वर नको. तळाला.

बाहेर शाणूने हॉर्न दिला, हलकाच.
पायरी उतरताना त्यांनी फळ्याकडे बघितलं नाही,
स्कूटरवर बसायला मात्र वेळ लागला.

मेमधली नोटीस मी जानेवारीच्या खाली घातली.
क्रम चुकला.
चुकला आहे, असं नोंदवहीत लिहून ठेवलं,
कारण लिहिलं नाही.